लिंबापासून दगडापर्यंत

तारीख : २२ एप्रिल. वेळ : सकाळी सव्वानऊ ते साडेअकरा. ठिकाण : पडेगावच्या पुढं दौलताबाद रस्त्याला लागून असलेलं आमचं शेत.

हजर : १. मोजणीवाले साहेब. २. त्यांचं मशीन धरणारा मदतनीस. ३. माझा धाकटा भाऊ. ४. जमीन घेणाऱ्यांचा माणूस. यानं शेवटपर्यंत गॉगल काढला नाही. ५. आत्या, दारातल्या खाटेवर. ६. मी, वहीसह.

गैरहजर : आबा, म्हणजे माझे वडील. ते नऊ वर्षांपूर्वी वारले. तरी त्या सकाळी ते बोलले, आणि माझ्या तोंडून बोलले. ते पुढं येईल.

यादी करायची सवय मला लहानपणापासून आहे. वाणसामान, परीक्षेचे पेपर, कुणाच्या लग्नात कोण भेटलं, कुणाला काय सांगायचं राहिलं. गेली सत्तावीस वर्षं मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. तिथंही फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या कामांची यादी असते आणि झालेलं काम मी मुलांसमोर खोडते. खोडायचं राहिलेलं मला बघवत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आत्या ही आबांची धाकटी बहीण. तिची जन्मतारीख कुणाला माहीत नाही. पोलीस ॲक्शनच्या साली ती रांगत होती, एवढंच आजोबा सांगत. तिला अजिंठ्याकडं दिली होती. दोन वर्षांत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसह परत आणून सोडलं. आजोबांनी शेताच्या कडेचा एक तुकडा तिच्या हयातीपुरता तिला दिला आणि त्यात एक खोली बांधून दिली. कागदही केला. गावात निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले एक म्हातारे लेखनिक होते. मराठी लिहिताना त्यांचा हात अडखळायचा, म्हणून कागद उर्दूत झाला. बऱ्याच वर्षांनी मी तो शहागंजातल्या एका निवृत्त मास्तरांकडून मराठीत करून घेतला. त्यात क्षेत्र लिहिलेलं नाही. लांबी नाल्यापासून रस्त्यापर्यंत, रुंदी लिंबाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या, झाडापासून दगडापर्यंत, एवढंच. सातबाऱ्यावर आत्याचं नाव इतर हक्कांत लागलं, क्षेत्राचा आकडा लागलाच नाही. आजोबांना वाटलं असणार, लिंब आणि दगड दोन्ही जागचे हलत नाहीत. लिंबाच्या बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

आत्या लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण तिला मोजमाप कळायचं. ती गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोरींचे परकर शिवायची. दर पाडव्याला, आमच्या दारात गुढी उभी राहिली की ती मला बोलावून न्यायची. मी अनवाणी लिंबाच्या बुंध्याला टाच लावून उभी राहायची आणि दगडापर्यंत नेहमीच्या चालीनं चालत जायची. आत्या बाजूनं चालायची. तिच्या एका मुठीत ज्वारीचे दाणे असायचे. माझं एक पाऊल पडलं की एक दाणा दुसऱ्या मुठीत. शेवटी ते दाणे पदरात ओतून दोघींनी पुन्हा मोजायचे आणि मी आकडा वहीत लिहायचा.

मी एकदा विचारलं होतं की हे मीच का करायचं, तू का चालत नाहीस.

"ज्याला वाटा नाय त्यानं मोजावं," आत्या म्हणाली. "मला वाटा हाय. तुझ्या बापाला हाय, तुझ्या भावाला हाय. तू पोरीची जात. तुझं इथं काय नाय, म्हणून तू खरं मोजशील."

मला तेव्हा हे कौतुक वाटलं होतं.

पहिल्या वर्षी, मी नऊ वर्षांची असताना, साठ पावलं भरली. दुसऱ्या वर्षी सत्तावन्न. मला वाटलं, माझंच चुकलं. परत चालले, परत सत्तावन्न. आत्यानं दाणे पदरात बांधले. मी मात्र धावत आबांकडं गेले. ते गोठ्यात फाळ घासत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. गेल्या वर्षीची खडूची रेघ तिथं होती. त्यांनी नवी रेघ ओढली, बरीच वर.

"तू वाढलीस की," ते म्हणाले. "पाय लांब झाले की पावलं कमी लागतात. साधं गणित आहे."

खरंच ते साधं गणित होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. माझे पाय लांब झाले होते हेही खरं, पावलं कमी लागतात हेही खरं. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं गणिती स्पष्टीकरण. मी ते घेऊन आत्याकडं उड्या मारत गेले आणि तिला समजावून दिलं. ती माझ्या परकराची टीप उसवत बसली होती.

"व्हय गं," ती म्हणाली. "परकर बी आखूड झालाय."

या परकराबद्दल सांगायला हवं. पाडव्याला घालायचा म्हणून आत्यानं मला एक खणाचा परकर शिवला होता. कापड पुष्कळ घेतलं होतं. वर नाडी, खाली काठाच्या वरती एकाखाली एक अशा सात आडव्या टिपा घालून जास्तीची लांबी आत दुमडलेली. पोर वाढेल तशी दर वर्षी एक टीप उसवायची, परकर दोन-तीन बोटं खाली उतरायचा. आमच्याकडं वाढत्या अंगाच्या पोरींचे कपडे असेच शिवत. उसवलेल्या जागी आतला रंग ताजा राहिलेला असायचा, त्यामुळं परकरावर दर वर्षाचा एक गडद पट्टा उमटत गेला. मला त्याची लाज वाटायची.

वहीतले आकडे असे : साठ, सत्तावन्न, चौपन्न, एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस. दर वर्षी आकडा घटला की मी आत्याला तेच सांगायची : माझी पावलं मोठी झाली. तिनं कधी वाद घातला नाही.

दहावीला मी तालुक्यात गणितात पहिली आले आणि अकरावीला औरंगाबादेत कॉलेजला जायचा हट्ट धरला. आबांनी तो मानला, पण सोबत मर्यादा घालून दिल्या. त्याही मी तेव्हा वहीत लिहिल्या होत्या, कारण विसरले तर कॉलेज बंद होणार होतं. सहाच्या आत घरी. बसमध्ये पुढच्या बाजूला बसायचं. सहलीला जायचं नाही. मुलांच्या वह्या आणायच्या नाहीत, आपली द्यायची नाही. आमच्या घरात मर्यादा हा शब्द बायकांसाठीच वापरला जायचा. भावाला कुणी मर्यादा घातल्याचं मला आठवत नाही; त्याला फार तर कुणी दम दिला असेल.

कॉलेजात गणिताच्या सरांनी सीमा शिकवायला घेतली. मला हा धडा घरच्या मर्यादांसारखा कोरडा असेल असं वाटलं होतं. पण सरांनी तो पैजेसारखा शिकवला. समजा आकड्यांची एक रांग चालली आहे, ते म्हणाले, आणि मी म्हणतो की ती एका ठरावीक संख्येकडं चालली आहे. तुमचा विश्वास नाही. तुम्ही एक अंतर सांगा, केसाएवढं सांगा. रांगेत कुठल्या तरी जागेपासून पुढचे सगळे आकडे त्या संख्येच्या त्याहून जवळ असतील, हे मी दाखवून देईन. तुम्ही आणखी छोटं अंतर सांगा, मी आणखी पुढची जागा दाखवीन. तुम्ही कधीच जिंकला नाहीत, तर ती संख्या त्या रांगेची सीमा. रांग तिथं पोचलीच पाहिजे असं नाही. तिथं काही असलंच पाहिजे असंही नाही.

मी भारावून गेले. जिथं जायला बंदी नाही, उलट जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, अशी सीमा मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दुपारी बसमध्ये पुढच्या बाजूला बसून मी पाडव्याची वही काढली. तोवर त्या वर्षीचं मोजून झालं होतं : बेचाळीस. मी फरक लिहिले. तीन, तीन, तीन, तीन, तीन, दोन, एक. फरक आटत चालला होता. माझी उंची स्थिरावत होती, तर पावलंही स्थिरावणार. बेचाळीस ही माझ्या पावलांची सीमा, असं मी समासात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या पाडव्याला पुन्हा बेचाळीस येणार हे मी सिद्ध केल्यासारखं माझ्या मनात होतं.

पुढच्या पाडव्याला एकेचाळीस आली.

मी तीनदा चालले. तीनदा एकेचाळीस. चौकटीवरची रेघ दोन वर्षं जागची हलली नव्हती. मग मी दगडाजवळ खाली बसून नीट पाहिलं. दगडाच्या आबांकडच्या बाजूला माती भुसभुशीत होती आणि त्यात ताजी ओल होती. नांगराची एक चरी, तिला आमच्याकडं तास म्हणतात, ती नेहमीच्या कडेच्या आत पडलेली होती. दर वर्षी एक तास, फार तर दोन. बांध एका बाजूनं कोरायचा, दुसऱ्या बाजूनं नवी माती चढवायची, आणि दगड उचलून नव्या बांधावर ठेवायचा. दोन माणसांचं अर्ध्या सकाळचं काम. पहिल्या वर्षापासून ते चालू होतं आणि दर वर्षी मी त्यावर माझ्या वाढीचं पांघरूण घालत आले होते.

घरी गेले तर आबा ओसरीवर होते. मी काही विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातातली वही पाहिली.

"शीक," ते म्हणाले. "हवं तेवढं शीक, मी अडवणार नाही. पण घरचं घरात ठेवायचं. तेवढी एकच मर्यादा."

एकच, असं ते म्हणाले. बाकीच्या सगळ्या त्या दिवशी सुटल्या. सहलही सुटली, मी वेरूळला जाऊन आले, मुलांसोबत गटात फोटो काढला, घरी कुणी काही बोललं नाही. त्या सवलती कशाच्या बदल्यात मिळाल्या हे मला नीट कळत होतं. मी आत्याकडं गेले आणि सांगितलं, माझी पावलं मोठी झाली. तिनं परकर हातात घेतला, काठ माझ्या घोट्याला लावून पाहिला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिला. त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस आली. मी तेच सांगितलं.

मग मी शहरात राहायला गेले, पदवी झाली, नोकरी लागली, लग्न झालं. पाडव्याला जाणं राहू लागलं आणि मोजणं थांबलं. बांध सरकायचा थांबला नाही. आबा थकले, भावानं ट्रॅक्टर घेतला. बैलाच्या नांगराला वळायला जागा लागते. ट्रॅक्टरला ती जास्तच लागते, आणि ती कुणाच्या तरी तुकड्यातून काढावी लागते. मी दिवाळीला, राखीला जायची. दर वेळी आत्याचं अंगण थोडं लहान वाटायचं. मुलांना घेऊन लहानपणच्या शाळेत गेलं की वर्गही लहान वाटतो, तसंच हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला मला शिकवावं लागलं नाही.

कायद्यानं पुढं मुलींनाही वाटा दिला. आबा गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र आणलं, मी गाडीच्या टपावर ठेवून सही केली. चांगल्या बहिणी करतात तशी. सही करताना एक विचार मनात आला होता, तो नोंदवून ठेवते : चला, मला अजूनही वाटा नाही, म्हणजे मोजायला मी अजूनही पात्र आहे. मोजलं मात्र नाही.

दर जूनमध्ये सीमा हा धडा येतो. मी तो चांगला शिकवते असं मुलं सांगतात. त्यात एक प्रमेय आहे. आकड्यांची रांग सतत उतरती असेल आणि एका ठरावीक संख्येच्या खाली ती कधीच जात नसेल, तर तिला सीमा असतेच असते. सिद्धता दीड फळा होते. एके वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, सीमा आहे म्हणजे कमी होणं कुठं तरी थांबणार ना? मी म्हणाले, थांबेलच असं नाही. इतकंच कळतं की कमी होत होत ती कुठल्या संख्येकडं चालली आहे. आणि ती संख्या शून्यही असू शकते. ती मुलगी खाली बसली. मी फळा पुसला. जमिनीची रुंदी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळं आत्याच्या तुकड्याला सीमा आहे याची मी गणितानं हमी देऊ शकत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. एवढं करून मला वाटलं, बरंच केलं.

या वर्षी भावानं शेत विकायला काढलं. त्या पट्ट्यात आता सगळीकडं प्लॉट पडत आहेत. आत्या आहे तोवर तिचा तुकडा कुणी घेऊ शकत नाही, बाकीचं जाणार. घेणाऱ्यांनी मोजणी मागवली, कारण त्यांना आत्याच्या बाजूनं भिंत घालायची होती. आत्याच्या खोलीचं दार दगडाच्या दिशेला आहे. पूर्वी दारासमोर वांगी, मेथी, दोन शेळ्या आणि खाट एवढं सगळं मावायचं. आता दगड दारापासून अडीच पावलांवर आहे. लिंबापासून सव्वीस. भिंत दगडावरून गेली तर दार उघडल्यावर समोर भिंत, आणि खाट टाकायची तर आत्याला ती उभी टाकावी लागेल. आत्यानं मला निरोप पाठवला, वही घेऊन ये.

मी वेळेवर पोचले. बाहेरची हद्द मशीननं अर्ध्या तासात दाखवली, त्यात वाद नव्हता. मग साहेब आतल्या रेघेपाशी आले. त्यांनी कागदाचं मराठी भाषांतर दोनदा वाचलं आणि दगडावर बूट ठेवून विचारलं, दगड हाच का. भाऊ म्हणाला, हाच, आमच्या जन्माच्या आधीपासून आहे.

"दगड हाच हाय," आत्या खाटेवरून म्हणाली. "जागा ही नाय."

साहेबांनी विचारलं की मग जागा कुठली, कुणी दाखवू शकतं का. आत्यानं माझ्याकडं बोट केलं. हिनं मोजलंय, हिला वाटा नाय, असं तिनं सांगितलं. मी पर्समधून वही काढली आणि सगळे आकडे मोठ्यानं वाचले, साठपासून चाळीसपर्यंत. माझा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. भाऊ हसायला लागला.

"साहेब, मशीन ठेवा गाडीत," तो म्हणाला. "आता नऊ वर्षांच्या पोरीच्या पावलांनी मोजू. ताई, तू त्यांना जरा वही तपासून सही पण देऊन टाक."

गॉगलवाला हसला. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले.

"मॅडम, आकडे दर वर्षी कमी होत गेलेत. ते कशामुळं?"

एका वाक्याचं उत्तर होतं. ते मला सतराव्या वर्षापासून येत होतं. घरून निघताना रिक्षात मी ते तीनदा मनात म्हटलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझी पावलं मोठी होत होती."

कुणी भाग पाडलं नाही. आबा नव्हते. कॉलेज सुटण्याची भीती नव्हती. आता तर माझ्या निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं रुळलं होतं की त्याला माझी गरजच पडली नाही. भावानं मान हलवली, जणू मी हुशार विद्यार्थी. साहेब काही तरी लिहू लागले.

आत्या उठली. तिला उठायला वेळ लागतो, आणि सगळे तो वेळ थांबले. ती आत गेली, ट्रंकेच्या कडीचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो परकर होता. तिनं तो साहेबांच्या नकाशावरच पसरला. सहा गडद पट्टे, एकाखाली एक. सातवी टीप जशीच्या तशी, दोरा सुद्धा शाबूत.

"एका सालाला एक टीप," ती म्हणाली. "दहाव्या सालापास्नं पंधराव्यापतुर सहा उसवल्या. ही सातवी. ही उसवलीच नाय, कारण पोरगी वाढलीच नाय. मग सोळाव्या साली, सतराव्या साली पाऊल कशानं वाढलं, ते इचारा हिला."

साहेबांनी विचारलं नाही. मदतनीस मशीनची काठी धरून आकाशाकडं पाहत होता. मग भाऊ म्हणाला की जुन्या कपड्यांवर मोजणी होत नसते, आणि साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं की मोजणी कशावर होते ते त्यांना माहीत आहे. मला त्यांनी बाजूला घेतलं. आज जागेवर हरकत आली आहे, तेवढं ते लिहितील. पण नुसत्या पावलांवर रेघ ओढता येणार नाही. मी पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यावं, त्यात तीन गोष्टी असाव्यात : मी कोण, लिंबापासून दगड मुळात किती मीटरवर होता आणि ते कसं काढलं, आणि दगड सरकतोय हे मला कधीपासून माहीत आहे. आलं तर ते पुढं मांडतील. नाही आलं तर आज दिसतो आहे तो दगड नकाशावर जाईल.

सगळे गेल्यावर मी आत्याच्या खाटेवर बसले. विचारायला नको होतं, तरी विचारलं : तुला माहीत होतं, तर तू तेव्हाच का बोलली नाहीस? तिनं सांगितलं की आबांनी तिलाही एक गोष्ट ऐकवली होती. तू गावात तोंड उघडलंस तर पोरीचं कॉलेज बंद. तेव्हा तिनं परकराची घडी घातली. तिला वाटलं, पोरीला नोकरी लागली की पोरगी बोलेल. मग वाटलं, लग्न होऊन आपल्या घरची झाली की बोलेल. मग वाटलं, आबा गेले की बोलेल. हे सांगताना ती रागावलेली नव्हती. शेळ्यांचा हिशेब सांगावा तसं सांगत होती. शेवटी परकर माझ्या मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली :

"तू मास्तरीण झालीस ती माझ्या अंगणातनं झालीस. आता लिही."

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो नरमाईनं बोलला. माझं माहेर अजून उघडं आहे, वहिनीनं माझ्यासाठी लोणचं काढून ठेवलं आहे, म्हातारीचे किती दिवस राहिलेत. मी लिहून दिलं तर तो मला अडवणार नाही, फक्त मी समजून घ्यावं. आबांच्या आवाजात आणि त्याच्या आवाजात मला फारसा फरक जाणवला नाही.

आज तेरावा दिवस आहे. यादी अशी :

१. उर्दू कागदाच्या आणि भाषांतराच्या प्रती : झाल्या.
२. सातबारा : आणला.
३. वहीच्या पानांच्या प्रती, तारखांसह : झाल्या.
४. परकराचे फोटो, पट्टीसह : काढले.
५. अर्जाचा मजकूर, पहिला परिच्छेद, मी कोण : लिहिला.
६. माझं आजचं पाऊल, गच्चीवर दहा वेळा चालून, सरासरी : काढलं.
७. मूळ अंतर.

सातवं काम सोपं आहे. परकर टेबलावर आहे, त्यावर टेप आहे. नाडीपासून काठापर्यंतची पूर्ण वाढीची लांबी घ्यायची. त्यातून खालचे सहा पट्टे वजा केले की नवव्या वर्षीची लांबी मिळते. पाऊल पायाच्या प्रमाणात पडतं असं धरायचं. प्रमाण काढायचं, त्यानं आजचं पाऊल गुणायचं, मग साठनं गुणायचं. उत्तर अचूक येणार नाही, दोन-चार वितींचा फरक राहील, पण बरंच जवळचं येईल. बारावीचा कुणीही विद्यार्थी हे पाच मिनिटांत करेल. माझ्या वर्गात कुणी दहा मिनिटं लावली असती तर मी टोमणा मारला असता. ते उत्तर आलं की त्यातून सव्वीस पावलं वजा करायची. जे उरेल ते किती मीटर होतं, ते मला अर्जात लिहावं लागेल. आणि त्याच्या खालच्या ओळीत, कधीपासून माहीत आहे, तिथं सतरा हा आकडा.

तीन दिवस टेप परकरावर तशीच पडून आहे. सातवी टीप अजून शिवलेली आहे. सातवं काम खोडलेलं नाही.